शिकरा आणि पोपट : चोच दोघांचीही वाकडी, बाकी सारे वेगळे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माघ सरत आला की आपल्या भागात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. मोहाच्या, कडुनिंबाच्या ढोलीतून पोपटाची पिल्ले काढली जातात आणि बाजाराच्या दिवशी टोपलीत फडक्याखाली झाकून विकली जातात. त्याच दिवसांत गावरान कोंबडीची पिल्ले उचलतो म्हणून शिकऱ्यावर गुलेर ताणली जाते. एकाला रंग भोवतो, दुसऱ्याला नखे. त्यापुढची चूक अशी, की यांतला कोणताही पक्षी जखमी होऊन हाती लागला तर वाकडी चोच बघून दोघांना एकच उपचार होतो : तारेचा पिंजरा, वाटीभर दूध आणि दुधात कुस्करलेली पोळी. यात पोपट काही दिवस तगतो, शिकरा बहुधा तेवढेही काढत नाही. चोच सारखी दिसत असली तरी या दोन पक्ष्यांत कुठे काय वेगळे आहे आणि कास्तकाराला ते ओळखून काय करता येईल, एवढ्यासाठीच हे पत्र.

आधी चोच. शिकऱ्याच्या वरच्या चोचीचे टोक आकड्यासारखे खाली वळलेले असते. ते मांसात रुतवायचे, मान मागे ओढायची, की तुकडा सुटतो. मारायचे काम ही चोच सहसा करत नाही, ते पायांचे आहे. पोपटाची वरची चोच कवटीला बिजागरीसारखी जोडलेली असते, त्यामुळे ती वेगळी हलते. खालची चोच छिन्नीसारखी बोथट धारेची. मधे जाड, मांसल जीभ. जिभेने दाणा फिरवत फिरवत पोपट टरफल सोलतो आणि नेमका गर खातो. फांदीवर चढताना तो आधी चोच रोवतो, मग पाय उचलतो, म्हणजे चोच त्याचा तिसरा पायच झाली. शिकऱ्याला हे चढणे येत नाही. तारेच्या पिंजऱ्यात पोपट तारा धरून वर-खाली फिरतो, शिकरा मात्र तारांवर धडका घेत राहतो. त्याच्या पंखांची आणि शेपटीची लांब पिसे तारांत अडकून मोडतात. मोडलेले पीस पुढच्या पिसझडीपर्यंत नवे येत नाही, आणि तोवर त्याला शिकार साधत नाही. जखम आठ दिवसांत बरी झाली तरी पिसांपायी पक्षी वर्षभर अडकतो.

खरा भेद पायांत आहे. शिकऱ्याची तीन बोटे पुढे आणि एक मागे असते. मागच्या बोटाचे नख लांब आणि जाड. पोपटाची दोन बोटे पुढे, दोन मागे. त्यामुळे तो पेरूची फोड मुठीत धरावी तशी पायात धरून तोंडाशी नेतो. शिकारी पक्ष्याच्या बोटांतल्या स्नायूबंधांना दातेरी कड असते. बोटे मिटली की ती कड अडकते आणि पकड आपोआप टिकून राहते, त्यासाठी वेगळा जोर लावावा लागत नाही. म्हणून शिकऱ्याने बोट पकडले तर ओढाओढ करू नये. ओढले की तो आणखी आवळतो. त्याचा पाय हलकेच सरळ लांब करावा, पाय ताठ झाला की बोटे सैल पडतात. मग आधी मागचे नख काढावे, नंतर पुढची.

बोटे मोजायची ही सवय आणखी एका पक्ष्याचा जीव वाचवील. वैशाख-ज्येष्ठात 'पेर्ते व्हा' म्हणत ज्याची हाक सगळ्या शिवारात घुमते, तो पावशा दिसायला हुबेहूब शिकऱ्यासारखा. तसाच राखी, तशीच पट्ट्यांची शेपूट, उडायची ढबही तीच. शिकरा समजून पोरे त्याला गोटा मारतात. पावशाची चोच जवळपास सरळ असते, नखे अगदी साधी, आणि बोटे पोपटासारखी दोन पुढे, दोन मागे. तो कोकिळेच्या कुळातला, मुख्यतः सुरवंट खाणारा. त्याचा कोंबडीच्या पिल्लाशी काडीचाही संबंध नाही. बोटांच्या या खुणेला घुबड अपवाद आहे. घुबडाचे बाहेरचे बोट मागे वळू शकते, त्यामुळे पिंगळा फांदीवर बसला की त्याचीही दोन पुढे, दोन मागे दिसतात. तिथे डोळे पाहावेत.

शिकऱ्याचे डोळे पुष्कळसे पुढे वळलेले असतात. दोन्ही डोळ्यांनी एकच वस्तू दिसल्यामुळे तिचे अंतर नेमके कळते. पिंगळ्याचे तर माणसासारखे अगदी समोर. पोपटाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. त्याला आजूबाजूचे आणि बरेचसे मागचेही दिसते, कारण त्याला कुणी झडप घालणार आहे का, याकडे लक्ष ठेवायचे असते. पक्षी हाताळताना याचाच उपयोग होतो. दोघांनाही अंधार झाला की शांत वाटते, पण पोपटाला मागून हळूच धरू म्हटले तर जमत नाही. टॉवेल एकदम अंगावर टाकावा लागतो.

एक गोष्ट मात्र बहुतेकांना खरी वाटत नाही. ससाणा, म्हणजे लाल डोक्याचा तुरुमती किंवा लग्गड, नात्याने घारीपेक्षा आणि शिकऱ्यापेक्षा पोपटाला जवळचा आहे. पक्ष्यांच्या जनुकांच्या मोठ्या अभ्यासातून २००८ साली हे पुढे आले आणि नंतरच्या अभ्यासांनी त्याला दुजोरा दिला. शिकार करणे आणि वाकडी चोच या गोष्टी वेगवेगळ्या कुळांत स्वतंत्रपणे घडल्या. म्हणून चोचीवरून जात ठरवू नये, असे आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो.

शाळेच्या प्रकल्पांत शिकारी पक्षी आणि रंगीत पक्षी म्हटले की मुले मोबाईलवरून हार्पी गरुड आणि मकाव काढून चिकटवतात. ते दोघेही अमेरिका खंडातल्या उष्ण जंगलांतले. हार्पी गरुड मुख्यतः माकडे आणि स्लॉथ धरतो. सगळ्यात लांब पोपट म्हणजे निळा हायासिंथ मकाव जवळजवळ एक मीटर भरतो आणि आपल्या चोचीने ताडाच्या जातीतली कठीण फळे फोडतो. हे मुलांना माहीत असायला हरकत नाही. पण तुलना शिकवायची तर शाळेच्या मागच्या चिंचेवर शिकरा आणि पोपट दोन्ही बसलेले असतात. त्यांची बोटे, डोळे, खाणे, घरटी मुलांना स्वतः पाहून लिहिता येतात.

आता जखमी पक्षी हाती आला तर काय करावे.

शिकरा, घार, कापशी, घुबड यांपैकी कुणी असेल तर जाड टॉवेल किंवा पोते डोक्यासकट अंगावर टाकावे आणि टॉवेलातूनच दोन्ही पाय एकत्र पकडावेत. भीती पायांची आहे, चोचीची कमी. पोपटाचे उलटे. त्याचे पाय निरुपद्रवी, पण चोच बोटाला खोल चावा घेते. टॉवेलातून अंगठा आणि तर्जनी त्याच्या जबड्याच्या दोन बाजूंना ठेवून डोके स्थिर करावे. छाती मात्र दोघांचीही दाबू नये. पक्ष्यांना आपल्यासारखे श्वासपटल (छाती आणि पोटामधला पडदा) नसते, छातीचे हाड पुढे-मागे झाले तरच श्वास चालतो. घट्ट आवळून धरलेला पक्षी धडपड थांबवतो तेव्हा तो शांत झाला असे वाटते, प्रत्यक्षात तो गुदमरत असतो.

ठेवायचे कशात? शिकारी पक्ष्याला पुठ्ठ्याचे खोके उत्तम. त्याला पंख अर्धे उघडता येतील एवढे मोठे, बाजूंना पेन्सिलीएवढी आठ-दहा भोके आणि तळाला जुना टॉवेल. गुळगुळीत कागद अंथरला तर पाय घसरून मांडीचे सांधे दुखावतात. पोपटाला हेच खोके दिले तर तो ते कुरतडून बाहेर पडेल. त्याला लाकडी पेटी द्यावी, नाहीतर पिंजऱ्यावर चादर टाकावी. खोके घरातल्या अंधाऱ्या, शांत कोपऱ्यात ठेवावे. पत्र्याच्या शेडमध्ये, चुलीजवळ किंवा मुलांच्या गराड्यात ठेवू नये.

तोंडात पाणी ओतू नका. पक्ष्याची श्वासनळी जिभेच्या मुळाशीच उघडते, चमच्याने घातलेले पाणी थेट तिच्यात जाते. चैत्र-वैशाखात पारा ४५च्या आसपास गेला की घारी, शिकरे उन्हाने कासावीस होऊन खाली पडतात. तेव्हा लोक कळवळून हीच चूक करतात आणि उन्हातून वाचलेला पक्षी फुफ्फुसात पाणी गेल्याने मरतो. सावली, खोक्याशेजारी ओले पोते आणि आत पसरट ताटलीत दोन बोटे पाणी एवढे पुरे. प्यायचे तर तो स्वतः पिईल.

पहिल्या दोन-तीन तासांत काहीही खायला घालू नये. घाबरलेला, गार पडलेला किंवा तापलेला पक्षी खाल्लेले पचवू शकत नाही. वनविभागाची माणसे यायला दुसरा दिवस उजाडणार असेल, तर शिकऱ्याला कच्चे, बिनमिठाचे, चरबी काढलेले कोंबडीचे मांस द्यावे. करंगळीच्या नखाएवढे तुकडे, दिवसाला ३० ते ४० ग्रॅम. शिजवलेले मांस, भात, पोळी, दूध यांपैकी काही नको. दूध कोणताच पक्षी नीट पचवू शकत नाही. नुसते बिनहाडाचे मांस एक-दोन दिवसच चालते. पिल्लाला तेच आठवडाभर दिले तर चुना (कॅल्शियम) कमी पडून त्याची हाडे वाकतात. पिसांसकट किंवा केसांसकट भक्ष्य खाल्लेला शिकारी पक्षी काही तासांनी एक लांबट गोळी ओकतो. तिला घाबरून औषध पाजू नका, न पचलेला भाग बाहेर टाकायची त्याची ती रीतच आहे. घुबडाच्या गोळीत उंदराची हाडे अख्खी सापडतात. शिकऱ्याच्या पोटातले आम्ल जास्त तीव्र असल्याने त्याच्या गोळीत हाडे फारशी उरत नाहीत.

मोठ्या पोपटाला भिजवलेले हरभरे, मक्याचे कोवळे कणीस, पेरू, वाटाणे चालतात. मिरची तो मजेत खातो, कारण पक्ष्यांना तिची आग जाणवत नाही, पण मिरचीवर पोट भरत नाही. बिस्कीट, चहात बुडवलेली पोळी, शेव, फरसाण देऊ नये. त्याचे पिसे न फुटलेले पिल्लू असेल तर घरी वाढवायचा प्रयत्नच करू नये. आईबाप त्याला आपल्या पोटातले अर्धवट पचलेले खाणे भरवतात. हाताने भरवायचे तर खाणे ३८ ते ४० अंश सेल्सिअस लागते. त्याहून गार असेल तर गळ्यातल्या पिशवीतच साचून सडते, फार गरम असेल तर ती पिशवी भाजते. हे काम थर्मामीटर घेऊन बसणाऱ्या जाणकाराचे आहे.

घरट्यातून पडलेल्या पिल्लांबाबतही दोघांची वाट वेगळी. शिकऱ्याचे घरटे काटक्यांचे, उघडे असते. ते वाऱ्याने पडले तर बांबूची टोपली घ्यावी, तिच्या बुडाला पाणी झिरपेल अशी भोके पाडावीत, आत काटक्या घालाव्यात आणि त्याच झाडाला जमेल तितक्या उंच, सावलीत पक्की बांधावी. पिल्लू आत ठेवून लांब जावे, आईबाप तिथे येऊन भरवतात. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लू टाकून देतात, हा गैरसमज आहे. पिल्लाला पिसे फुटली असतील आणि ते फांदीवर धडपडत बसले असेल, तर त्याला कुणी वाचवायची गरज नाही. उडायला शिकायचे त्याचे ते वय आहे. पोपटाच्या पिल्लाला मात्र उघडी टोपली चालत नाही. ते त्याच ढोलीत परत ठेवावे लागते. ढोलच मोडली असेल तर वनविभागाला कळवावे.

कोंबड्यांचे नुकसान खरे आहे, ते नाकारून चालणार नाही. शिकरा पिल्ले उचलतो ती बहुतेक पहिल्या पाच-सहा आठवड्यांतली. एवढाच काळ पिल्ले एक इंची जाळीच्या झाकलेल्या खुराड्यात ठेवली, किंवा सांदवाडीत तुराट्यांचा बुटका मांडव घालून खाली पळायला आडोसा दिला, तर उपद्रव पुष्कळ कमी होतो. शिकरा मारून उपयोग नाही, मोकळी झालेली जागा काही दिवसांत दुसरा घेतो. त्याचे रोजचे खाणे म्हणजे सरडे, उंदीर, नाकतोडे आणि लहान पक्षी. तारेवर बसणारी, हवेत एका जागी फडफडत थांबणारी पांढरी, लाल डोळ्यांची कापशी तर मुख्यतः उंदरांवरच जगते. तिला शिकरा समजून मारणे म्हणजे आपल्याच वावरातला राखणदार मारणे.

पोपटाचे नुकसानही खरे आहे. सूर्यफूल, मका, ज्वारीचा हुरडा आणि पेरू यांवर त्याची धाड पडते. खातो त्यापेक्षा पाडतो जास्त. पक्षी थांब्यांचा घोळ नेमका इथे होतो. हरभऱ्यात घाटेअळीसाठी हेक्टरी २० च्या सुमारास टी आकाराचे थांबे लावायचा सल्ला योग्य आहे. त्यांवर कोतवाल, वेडा राघू, साळुंकी, नीलपंख बसून अळ्या टिपतात. पण सूर्यफुलात किंवा ज्वारीत तेच थांबे दाणा भरू लागल्यावरही तसेच ठेवले तर त्यांवर पोपट बसतो, आणि तो अळ्या टिपायला आलेला नसतो. दाणा दुधात आला की थांबे काढून घ्यावेत. त्याच वेळी चमकणारी फीत लावावी. पिकाच्या वर फूट-दीड फूट, दर दहा मीटरला खुंट आणि फितीला तीन-चार पीळ, म्हणजे वाऱ्याने ती फरफरते आणि चमकते. पेरणीपासूनच लावून ठेवली तर पोपट तिला सरावतात आणि ऐन वेळी घाबरत नाहीत. राखण दिवसभर करायची गरज नाही. सकाळचे पहिले दोन-तीन तास आणि सूर्यास्ताआधीचा दीड तास, हीच त्यांची खाण्याची वेळ.

बागेवर मासेमारीचे बारीक नायलॉन जाळे सैल टाकणे मात्र बंद व्हायला हवे. पोपट त्यात अडकतो, त्याच्या फडफडीवर शिकरा येतो आणि तोही अडकतो. रात्री घुबड. जाळे टाकायचेच तर जाड धाग्याचे, ताणून बांधलेले असावे आणि रोज दोनदा पाहावे.

उंदरांच्या विषात दोघांचा मार्ग पुन्हा वेगळा होतो. झिंक फॉस्फाईड लावलेले दाणे धुऱ्यावर उघडे टाकले तर ते पोपट, होले, मोर थेट खातात आणि मरतात. ब्रोमॅडिओलोनचे तसे नाही. ते खाल्लेला उंदीर चार-पाच दिवस सुस्तावून फिरतो, कापशीला आणि गव्हाणी घुबडाला तो सहज सापडतो, आणि विष त्यांच्या यकृतात साठत जाते. पुढे साध्या खरचटण्यानेही रक्त थांबत नाही. आदल्या दिवशी सगळी बिळे बुजवावीत, दुसऱ्या दिवशी जी उकरलेली दिसतील त्यांतच आमिषाची दहा ग्रॅमची कागदी पुडी खोल सरकवावी आणि तोंड मातीने बंद करावे. पुढचे काही दिवस रोज सकाळी मेलेले उंदीर गोळा करून हातभर खोल पुरावेत. हे पुरण्याचे काम बहुतेक ठिकाणी होतच नाही.

सर्वांत जास्त काळजी मात्र आम्हाला ढोलींची वाटते. पोपटाची वीण साधारण जानेवारी ते एप्रिल. चार ते सहा अंडी, तीन आठवड्यांहून थोडे जास्त उबवणे, मग सहा-सात आठवडे पिल्ले ढोलीतच. सुतार पक्ष्याने सोडलेले भोक पोपट आपल्या चोचीने कुरतडून मोठे करतो. पिंगळ्याला आणि नीलपंखाला खोड कोरता येत नाही, त्यांना आयती ढोलच लागते. म्हणजे रंगीत पक्ष्याने रुंद केलेल्या घरात पुढे शिकारी पक्षी राहतो. पिल्ले काढणारा माणूस हात जावा म्हणून ढोलीचे तोंड कुऱ्हाडीने फोडतो किंवा फांदीच तोडतो. त्या वर्षीची पिल्ले तर जातातच, पण ती ढोल पुढची अनेक वर्षे कुणाच्याच कामाची राहत नाही. धुऱ्यावरचा वाळका मोह किंवा कडुनिंब सरपणासाठी पाडण्याआधी त्यात भोके आहेत का, हे फेब्रुवारी ते जून या काळात तरी पाहावे.

जिथे जुनी झाडे उरली नाहीत तिथे पिंगळ्यासाठी लाकडी पेटी लावता येते. बूड २० बाय २० सेंटिमीटर, उंची ४०, भोक ८ सेंटिमीटरचे आणि वरच्या तिसऱ्या भागात. आतली पुढची फळी खरवडून खडबडीत करावी, नाहीतर पिल्लांना वर चढता येत नाही. तळाला पाण्यासाठी चार बारीक भोके, आत चार बोटे भुसा. तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला असावे. पश्चिमेला ठेवले तर मे महिन्यात आतली पिल्ले भाजतात. भोकाखाली बसायला दांडी लावू नये, तिचा फायदा कावळ्यालाच होतो.

कायद्याने पोपट आणि शिकरा दोघेही वन्य आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार पोपट पकडणे, विकणे, घरात ठेवणे हे सारे गुन्हे आहेत. 'आमचा मिठ्ठू दहा वर्षांचा आहे' यानेही त्यात फरक पडत नाही. पण असा पोपट दसऱ्याला किंवा पोलीस येतील या भीतीने एकदम सोडून देऊ नका. त्याचे पंख कापलेले असतात, त्याला कावळा ओळखता येत नाही की ढोल शोधता येत नाही. त्याला वनविभागाकडेच सोपवावे.

आपल्याकडे विनंती एवढीच. 'गरुडाचे पिल्लू सापडले' अशी बातमी येते तेव्हा छायाचित्रात बरेचदा घुबड किंवा घार असते आणि चारजण तिचे पंख ताणून उभे असतात. असे छायाचित्र छापू नये. पक्ष्याचे नाव वनविभागाकडून खात्री करून घ्यावे आणि बातमीखाली वनविभागाचा १९२६ हा मदत क्रमांक दरवेळी द्यावा. नागपूरला सेमिनरी हिल्स येथे वन्यप्राण्यांवर उपचार करणारे ट्रान्झिट केंद्र आहे, हेही गावोगावी माहीत नाही. पोपटाची पिल्ले ढोलीतून उडायला अजून दीड-दोन महिने आहेत, तोवर ही माहिती एकदा ठळक छापली तर बाजारात जाणाऱ्या काही टोपल्या तरी थांबतील.

आपले,
जखमी पक्ष्यांची शुश्रूषा करणारे काही वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ